मोशीच्या कापडावर उठलेल्या लाटा

मशीन सुरू करायच्या आधी गिऱ्हाइकाला एक कागद दाखवतात. तुमचं पुस्तक असं दिसेल, बघून घ्या, पसंत असेल तर खाली सही करा. तो कागद म्हणजे प्रूफ. सेऊलमधल्या चुंगमुरोच्या गल्लीत सगळा धंदा या एका कागदावर चालतो. सही झाली की छापखान्याने तसंच छापून द्यायचं आणि गिऱ्हाइकाने तसंच घ्यायचं, मग कुणी कुणाशी भांडायचं नाही. असे कागद काढून देणारं एक दुकान बांग मालसूनचं होतं. खाली पेक मालकाचा छापखाना, वर ही. जिना इतका उभा की जाड गिऱ्हाईक वर पोचलं की आधी पाणी मागायचं आणि मग प्रूफ.

मालसून म्हणजे शेवटची पोरगी. लागोपाठ मुलीच झाल्या म्हणून बापाने वैतागून ठेवलेलं नाव, आपल्या नकुशीसारखं. तिच्यानंतर आणखी दोन पोरी झाल्याच, ते सोडा. शाळा सुटली तशी ती गाव सोडून या गल्लीत आली आणि छपाईची फिल्म चिकटवायच्या कामाला लागली. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर दिवसभर वाकून बसायचं, पातीने फिल्म कापायची आणि केसाइतकीही न हलवता चिकटवायची. पहिले काही महिने आपण काय चिकटवतोय हे तिला कळतच नव्हतं. कळलं ते बोंगमुळे.

बोंग मानसू तेव्हा मशीनला तेल घालायचा. अजून गीजांग व्हायचा होता. मशीनवरचा मुख्य माणूस तो गीजांग, त्याच्या हुकमाशिवाय मशीन हलत नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने साबणाच्या जाहिरातीचा छापील कागद तिच्यापुढे टाकला.

"काय दिसतं?"

"बाई दिसते. हसतेय."

"बाई-बिई काही नाही त्यात. हे घे, बघ." त्याने खिशातलं भिंग तिच्या हातात दिलं.

तिने डोळा लावला आणि बाई गायब झाली. गालाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके होते. प्रत्येक रंगाची आपापल्या कोनात बसवलेली जाळी, आणि चारही जाळ्या जिथे एकमेकींत मिसळत होत्या तिथे ठिपक्यांची बारकी बारकी फुलं झाली होती.

"मशीनला फिकट रंग येत नाही," बोंग म्हणाला. "एक तर शाई लागते, नाही तर लागत नाही. म्हणून ठिपके. मोठे ठिपके म्हणजे गडद, बारके म्हणजे फिकट. बाकीचं तुझा डोळा करतो. डोळा येडा असतो."

त्या दिवसापासून मालसूनला छापलेलं काहीही सरळ बघता येईना. बसमधली जाहिरात असो की बिस्किटाचा पुडा, ती आधी डोळे बारीक करून ठिपके शोधायची. नवऱ्याशी पहिल्यांदा भेट ठरली तेव्हा चहाच्या दुकानात ती मेनूकार्ड नाकाला लावून बसली होती. त्याला वाटलं, पोरगीला चष्मा आहे आणि लपवतेय. तरी हो म्हणाला बिचारा. टॅक्सी चालवायचा. दोघांची दोन पोरं शिकून मार्गी लागली ती निम्मी टॅक्सीवर आणि निम्मी या ठिपक्यांवर.

पुढे फिल्म गेली. कॉम्प्युटरमधून मशीनवर चढवायची प्लेट सरळ निघायला लागली आणि काचेची टेबलं भंगारवाल्याने नेली. गल्लीतल्या कितीतरी बायका तेव्हा घरी बसल्या. मालसूनने मोठा शाईचा प्रिंटर घेतला, प्रूफचं सॉफ्टवेअर घेतलं आणि स्वतःचं दुकान टाकलं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरला काम सांगायचे दोन ड्रायव्हर होते. पहिला सलग छटेचा. तो प्रिंटरला नुसता रंग सांगायचा, हा गाल इतका गुलाबी, हे आभाळ इतकं निळं, तुझ्या पद्धतीने उमटव. प्रिंटर मग नजरेला न दिसणारे थेंब शिंपडून साय धरल्यासारखं गुळगुळीत चित्र काढायचा. दुसरा हाफटोनचा. तो प्लेटवर जाणारे ठिपकेच उचलायचा आणि ठिपक्याला ठिपका कागदावर उतरवायचा, जाळीसकट, कोनासकट. त्याला वेळ लागायचा, रंग जुळवता जुळवता जीव जायचा आणि चित्र दिसायचं रवाळ. सगळ्या गल्लीने पहिला धरला होता, मालसूननेही तोच. रंग चोख यायचा, काम झटपट व्हायचं, गिऱ्हाईक प्रूफ बघून "आहाहा" करायचं. आणखी काय पाहिजे?

बोंग आता गीजांग झाला होता. केस पांढरे, नखांत कायमची काळी शाई. तो सकाळी जिना चढून यायचा, कागदी कपात पुडीची कॉफी ढवळायचा आणि टेबलावरची प्रूफं चाळायचा.

"काय गं मालसून, प्रूफं काढतेस का स्थळं दाखवतेस?"

"का? काय झालं आता?"

"फोटोत गोरीपान नवरी तू दाखवायची, आणि मांडवात उभी करायची वेळ आली की मला मशीनवर घाम."

"रंग जुळत नाही का? सांगा ना, कुठे जुळत नाही?"

"रंग जुळतो. पण माझे ठिपके कुठायत यात?"

"ठिपके घेऊन गिऱ्हाईक काय लोणचं घालणार आहे? त्याला त्याचा फोटो पाहिजे."

"घाल, घाल तू लोणचं," असं म्हणत तो कप चुरगळून खाली जायचा. रोजचंच होतं ते. मालसून मनावर घ्यायची नाही.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा सनहे नावाची बाई पुस्तकाचं काम घेऊन आली. बरोबर तिची आई, गाननान आजी. हानसान गावाकडची, मोशी विणणारी. मोशी म्हणजे तागासारखं एक झुडूप, आणि त्याच्या कापडालाही मोशीच म्हणतात. मोशीची साल दातांनी उभी चिरत जायचं, चिरून चिरून धागा बारीक करायचा आणि तो मागावर घालायचा. कापड होतं ते फुलपाखराच्या पंखासारखं. आजीने जन्मभर तेच केलं होतं. पुढचे दात झिजून त्यांना खाचा पडल्या होत्या, आणि आता तर ते पडलेच होते. दातच नाहीत तर चिरणार कशाने? वसंतात तिने माग बंद केला. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मुलीने आईच्या कापडांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. पाहुण्यांत हानसानच्या सगळ्या विणकर बाया यायच्या होत्या.

"त्या बायांचं काही विचारू नका," सनहे म्हणाली. "कापड हातात घेतलं की आधी उजेडावर धरतात. कुठे जरा दाट-पातळ दिसलं की तोंडाने काही बोलत नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघतात. आईच्या कापडाला कुणी कधी तसं बघितलेलं नाही."

आजी तोवर जिन्याच्या धापेतून सावरली होती. मालसूनने प्रूफ तिच्यापुढे पसरलं. पानभर फोटो, पांढरं मोशी उन्हात वाळत घातलेलं. आजीने आधी डोळ्यांनी पाहिलं, मग बोटाने चाचपलं. हानसानकडचं बोलणं संथ, एकेक शब्द तोंडात घोळवून बाहेर यायचा.

"माजंच हाय... सारकं दिसतंय न्हवं गं? कुटं दाट-पातळ?"

"नाही आजी. अगदी एकसारखं."

"मग कर सही," आजी मुलीला म्हणाली. "आता मेले तरी चालंल."

"आई, वाढदिवस होऊ दे आधी."

"बरं. मग वाडदिवसानंतर."

सगळे हसले. सही झाली. मालसूनने आपला शिक्का मारला आणि प्रूफ खाली पाठवलं.

प्लेटा निघाल्या, मशीन लागलं. वरच्या मजल्यावर मशीनची धडधड पायांतून कळते. मालसूनला त्याची इतकी सवय होती की ती फक्त थांबली की ऐकू यायची. त्या सकाळी ती थांबली. सुरू होऊन फार वेळही झाला नव्हता. थोड्या वेळाने फोन वाजला.

"खाली ये," बोंग म्हणाला. ना टोमणा, ना काही.

ती उतरली. मशीनच्या तोंडाशी तिरप्या टेबलावर छापील ताव पसरला होता, शेजारी तिचं प्रूफ. पांढरं कापड उन्हात वाळत होतं. प्रूफवर ते एकसारखं होतं. तावावर त्याच कापडातून लाटा गेल्या होत्या. ओल्या वाळूवर पाणी ओसरल्यावर उमटतात तशा, दाट पट्टा, पातळ पट्टा, पुन्हा दाट. कापडाची घडी जिकडे वळेल तिकडे लाट वळत होती.

"शाई कमी-जास्त करून पाहिली," बोंग म्हणाला. "शाईचं काम नाही हे. बघ."

त्याने भिंग पुढे केलं. मालसूनने आधी तावावर लावलं. मोशीचा उभा-आडवा धागा म्हणजे मुळातच एक जाळी, आणि तिच्यावर छपाईच्या ठिपक्यांची जाळी बसलेली. कुठे ठिपका धाग्यावर पडत होता, कुठे दोन धाग्यांच्या मध्ये. जिथे पडत होता तिथे गडद, जिथे चुकत होता तिथे फिकट. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आल्यावर जे होतं तेच. मग तिने भिंग आपल्या प्रूफवर ठेवलं. तिथे जाळीच नव्हती. नुसतं धुकं. भांडायला दुसरी जाळीच नाही तर लाट उठणार कुठून?

सलग छटेच्या ड्रायव्हरने जे उमटवलं ते या मशीनवर कधी उमटणारच नव्हतं. आणि आजीने त्यावर बोट फिरवून "माजंच हाय" म्हटलं होतं. उद्या हानसानच्या बाया हे पुस्तक उघडणार, लाटा बघणार आणि एकमेकींकडे बघणार. म्हातारपणी हिचा हात ढळला, असंच त्यांना वाटणार. फणीचा ठोका कमी-जास्त पडला की कापडावर असेच पट्टे येतात.

पेक मालक ऑफिसातून बाहेर आला. बरा माणूस, पण मशीन थांबलेलं दिसलं की त्याच्या छातीत दुखायचं.

"का थांबलं? गीजांग, का थांबलं?"

मालसूनने तोंड उघडलं, पण बोंग आधी बोलला.

"रोलर धुवायचेत."

"आत्ता? काल धुतले ना?"

"काल नीट नाही धुतले. माझी चूक. पुन्हा धुतो. या कामाला वेळ लागेल, आधी दुसरं घेतो."

मालकाने ताव उचलला, प्रूफ उचललं, पुन्हा ताव. "हे काय, कापडच असलं आहे का? जाऊ दे, सही झालीय. म्हातारीच्या वाढदिवसाचं पुस्तक आहे, कुणाला कळतंय. छापून मोकळे व्हा."

"छापतो की. रोलर तर धुऊ दे," बोंग म्हणाला आणि फडकं घेऊन खरंच धुवायला लागला. रोलर चांगले चकचकीत होते. मालक बडबडत आत गेला.

चुंगमुरोत ताव प्रूफशी जुळला नाही तर चूक मशीनवाल्याची धरतात, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. बोंगचे निवृत्तीआधीचे शेवटचे महिने होते. त्याने फक्त ओरडायचं होतं, की मालसूनचं प्रूफच चुकलंय. त्याऐवजी तो स्वच्छ रोलर धूत बसला होता.

"गीजांग..." ती पुढे सरकली.

"उभी काय राहतेस? मला काय दिवसभर हेच पुसत बसायचंय? जा, तुझ्या मशीनला माझे ठिपके काढायला सांग."

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. ज्या ड्रायव्हरला आजवर तिने हात लावला नव्हता तो लावला. प्लेटवर गेलेल्या ठिपक्यांचीच फाइल मागवून घेतली आणि प्रिंटरला दिली. प्रिंटर रडत-रखडत चालायला लागला, इंच इंच. कागदाचं टोक बाहेर आलं. पांढरं मोशी दिसलं, आणि त्याच्यावर लाटा. त्याच जागी, तशाच वळणाऱ्या. आयुष्यात इतकं घाणेरडं प्रूफ तिच्या दुकानातून निघालं नव्हतं आणि कुठलं प्रूफ बघून तिला इतकं बरंही वाटलं नव्हतं. रोग दिसला होता. आता औषध करून बघता येणार होतं, एकही प्लेट न काढता.

प्लेटवाल्याला तिने फोनवर धरूनच ठेवलं. काळ्याचा आणि गुलाबीचा कोन अदलाबदल करून फाइल दे. लाटा पांढऱ्या कापडावरून उठल्या आणि शेजारच्या पानावरच्या निळ्या कापडावर जाऊन बसल्या. परत दे, निळ्याचाही कोन फिरव. निम्म्या गेल्या, निम्म्या राहिल्या. मग तिने जाळीच बारीक करायला सांगितली. ठिपके आणखी लहान, आणखी जवळ.

"बाई, तुमचं एकच काम आहे का मला?" प्लेटवाला म्हणाला.

"आज एकच आहे. सगळ्या नव्या प्लेटांचा खर्च माझा. दे लवकर."

ती फाइल आली, प्रिंटर पुन्हा रखडत चालला. या वेळी कापड शांत होतं. पांढरंही, निळंही. तिने कागद आडवा धरला, लांब धरला, डोळे मिचकावून पाहिलं. लाट नाही. पण एक अडचण होती, आणि ती तिला चांगली माहीत होती. इतके बारीक ठिपके जुन्या मशीनवर धरणं सोपं नसतं. शाई जरा पसरली की ठिपक्याला ठिपका चिकटतो आणि कापडाचं फडकं होतं. हे जमेल की नाही ते एकच माणूस सांगू शकत होता.

बोंगने प्रूफवर भिंग लावलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवलं.

"हां," शेवटी म्हणाला. "आत्ता आले माझे ठिपके."

"धरेल का मशीन?"

"मशीन म्हातारं आहे."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे त्याला एकटं सोडून चालायचं नाही. मी शेजारी उभा राहिलो तर धरेल. पण आधी त्या आजीला बोलव. एका कागदावर सही घेतलीस आणि दुसरंच छापलंस, असं व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. आजीने येताना मोशीच्या फडक्यात डबा बांधून आणला होता, भाताच्या गुंडाळ्या. "जिना चढून भूक लागती," म्हणाली. मालसूनने काल रात्रभर घोकलेलं सगळं विसरून लाटांचा ताव तिच्यापुढे ठेवला.

"आजी, माझ्याकडून एक चूक झाली. छापायला गेलो तर हे असं आलं."

आजीने पाहिलं. चेहरा आक्रसत गेला. बोट लाटेवर ठेवलं आणि पट्ट्यापट्ट्यावरून पुढे नेलं. मग हात मांडीवर घेतला.

"त्या उन्हाळ्यात हात दुकत हुता," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं न्हवतं कुणाला दिसंल. तुज्या मशीननं बराबर पकडलं."

"नाही, नाही! आजी, तुमचं काही नाही. हे आमचं आहे."

"राहू दे गं. माजं मला ठावं."

"आई, ती काय सांगतेय ते ऐक तरी," सनहे म्हणाली.

मालसून सांगायला गेली. ड्रायव्हर, जाळी, कोन. आजी मान हलवत होती, पण ती समजुतीची मान होती, पटल्याची नव्हे. उलट तीच मालसूनची समजूत काढत होती. जन्मभर हेच काम केलं आणि एका म्हातारीला सांगता येईना. तिची नजर टेबलावर गेली. डब्याभोवतीच्या फडक्याचं टोक दुहेरी दुमडून पडलं होतं. त्या दुहेरी पदरावर खिडकीचा उजेड आला होता आणि बारीक लाटा हलत होत्या.

"हे फडकं कुणी विणलं?"

"म्याच. आनी कोन?"

"यात तुमचा हात कुठे ढळलाय?"

"यात न्हाई ढळला," आजी जरा तोऱ्यात म्हणाली.

"मग या लाटा कसल्या?"

आजी वाकली. पदराचा एक थर उचलला, लाटा गेल्या. पुन्हा टेकवला, आल्या. किंचित सरकवला तशा लाटा पळाल्या, रुंद झाल्या.

"ह्ये व्हय!" ती म्हणाली. "अगं, ह्ये तर दोन पदराचं. दोन पदर एकावर एक आलं की असं हुतंच. आमी काय म्हनतो त्याला, कापड पानी झालं म्हनतो."

"तेच सांगतेय मघापासून! एक पदर तुमचा, दुसरा आमच्या ठिपक्यांचा. तुमचं कापड एकसारखं आहे म्हणून तर लाटा अशा नीट ओळीने उठल्या. ढळलेल्या हाताचं असतं तर काहीतरी वेडंवाकडं दिसलं असतं."

आजीने लाटांचा ताव पुन्हा ओढून घेतला आणि आता वेगळ्याच डोळ्यांनी पाहिला, एखाद्या शहाण्या मुलाने केलेला वात्रटपणा बघावा तसा. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती डबा सोडायला लागली.

"ही बया," ती मुलीला म्हणाली, "माजा जीव घ्यायला निगाली हुती."

"तूच म्हणाली होतीस ना, मेले तरी चालेल."

"वाडदिवसानंतर म्हनले हुते."

मालसूनने नवं प्रूफ पुढे केलं. हे आधीच्यासारखं गुळगुळीत नाही, जरा रवाळ दिसेल, पण छापून नेमकं असंच येईल, असं स्पष्ट सांगितलं. आजीने बोट फिरवलं.

"ह्ये त्या पयल्यापरीस खरखरीत हाय."

"हो."

"मग बरं हाय की. मोशी खरखरीतच असती. ते पयलं जरा रेशमावानी वाटत हुतं, पर म्हटलं, शेरातली मान्सं हाईत, बोलू कशाला." तिने मुलीच्या हातातून पेन घेतलं. या वेळी सही आजीने केली, वळणं घेत घेत, सावकाश.

पेक मालकाला सगळं सांगावंच लागलं, आणि ते मालसूनने स्वतः सांगितलं. रोलर स्वच्छ होते हेही सांगितलं. मालक थोडा चिडला, मग नव्या प्लेटांचा खर्च कुणाचा ते कळल्यावर कमी चिडला, आणि मशीन सुरू झाल्यावर तर हसलादेखील.

बोंग त्या दिवशी मशीनपासून हलला नाही. ताव उचलायचा, भिंग लावायचं, शाईबरोबर मशीनला जाणाऱ्या पाण्याची चावी केसभर फिरवायची, पुन्हा ताव उचलायचा. जेवायला आला नाही. मालसूनने डब्यातल्या भाताच्या गुंडाळ्या खाली नेल्या तर म्हणाला, "ठेव तिथे. हे म्हातारं आत्ता कुठे बोललेलं ऐकायला लागलंय." संध्याकाळी थप्पी लागली. मालसूनने मधूनच एक ताव ओढला, खालून एक ओढला. पांढरं मोशी उन्हात वाळत होतं. कुठेही दाट नाही, कुठेही पातळ नाही.

वाढदिवस झाला. काही दिवसांनी सनहेचा फोन आला. हानसानच्या बायांनी पुस्तक हातात घेतलं आणि सवयीने पान उचलून उजेडावर धरलं म्हणे. कागदच तो, पण धरला. मग त्यांतली सगळ्यांत खवचट बाई म्हणाली, गाननान, इतकं एकसारखं यायला या कापडाची फणी कुठली गं? आणि आजी म्हणाली, सांगत न्हाई जा.

त्या पाठोपाठ खोकं आलं, मोशीचा पाला घालून केलेल्या हिरव्यागार भाकऱ्यांचं, तांदळाच्या, आत गोड सारण भरलेल्या. वर आजीचा निरोप, दोगांनी खावं, त्या मशीनवाल्याला जास्त द्यावं.

मालसून खोकं घेऊन खाली आली. मशीन चालू होतं, कुठल्याशा मोबाइलच्या जाहिराती निघत होत्या. बोंगचे दोन्ही हात कोपरापर्यंत शाईत.

"गीजांग, हानसानहून आलंय."

"ठेव तिथे. हात बघ माझे."

"ठेवलं की खात नाही तुम्ही. त्या गुंडाळ्या तशाच वाळल्या होत्या. आ करा."

"अगं, लोक बघतायत..."

तो 'बघतायत' म्हणेपर्यंत तिने अख्खी भाकरी त्याच्या तोंडात कोंबली. ती चिकट असते, लवकर गिळत नाही. इतक्या वर्षांत मालसून कधी धड काही बोलायला गेली की हा माणूस मध्येच टोमणा मारायचा आणि बोलणं वाऱ्यावर जायचं. आज त्याचं तोंड भरलेलं होतं.

"आता ऐका," ती मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "काचेच्या टेबलावर मी नुसती चिकटवत बसले असते जन्मभर. भिंग तुम्ही दिलंत. ठिपके तुम्ही दाखवलेत. त्या दिवशी मशीन तुम्ही थांबवलंत, आणि दोष स्वतःवर घेतलात. मी उपकार मानते तुमचे. काही बोलू नका."

बोंगने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. नुसतं "म्म्" झालं. त्याचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले. घास खाली जायला लागला तसं मालसूनने दुसरी भाकरी उचलली.

"आ करा."

आणि त्याने केला.